बारा धारांची उदई

तळोदा-शहाद्याकडून सातपुडा पाहिला तर त्याचा अंदाज येत नाही. तापीकाठच्या काळ्या मातीतली ऊस, केळी, पपईची शेतं संपतात न संपतात तोच डोंगर समोर उभा राहतो, आणि वाटतं की ही एकच रांग आहे; चढून गेलं की पलीकडे पुन्हा सपाटी लागेल. चांदसैली घाटाने वर आल्यावर कळतं की पलीकडे सपाटी नाहीच. डोंगरामागे डोंगर, मध्ये खोल दऱ्या आणि दऱ्यांच्या कडेने विखुरलेले पाडे. हा अक्राणी तालुका. त्याचं मुख्य ठाणं धडगाव, आणि बोलताना लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात.

घाटमाथा ओलांडला की पाण्याची दिशा बदलते. मागे सोडलेले ओढे तापीला मिळणारे, पुढचे नर्मदेला. महाराष्ट्राच्या जमिनीला नर्मदा फक्त इथे, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर टोकाला लागते. सुमारे ५४ किलोमीटर, तेही राज्याची हद्द म्हणून. तिच्याकडे धावणाऱ्या डोंगरी नद्यांपैकी एक उदई. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला ही उदई खडकावरून खाली उडी घेते. तोच बारा धारांचा धबधबा.

बिलगावजवळ नदीचं पात्र रुंद काळ्या खडकावर पसरतं. खडकाला जुन्या भेगा आहेत आणि अगणित पावसाळ्यांनी त्या भेगा कोरून त्यांच्या चरी केल्या आहेत. एकेका चरीतून नदी वेगळी होते आणि वेगळीच कोसळते. जुलै-ऑगस्टमध्ये धारा मोजायला जाल तर एकही सुटी दिसणार नाही. सगळा मिळून गढूळ पाण्याचा एकच लोट असतो आणि बोलणं ऐकू येत नाही. धारा पाहायच्या तर पाऊस सरल्यावर, पाणी निवळल्यावर यावं.

उंचीच्या बाबतीत हा धबधबा मोठा नाही. आंबोली, ठोसेघर पाहिलेल्या माणसाला तो बेताचाच वाटेल. तरी नंदुरबार जिल्ह्यातल्या निसर्गाबद्दल एकच जागा निवडून लिहायला सांगितलं, तर मी तोरणमाळचं पठार सोडून बिलगावच निवडेन. धबधब्याला दोनच गोष्टी लागतात, उंची आणि पाणी. या दोन गोष्टी इथे कशा जमून आल्या आणि जमल्यावर त्यांचं माणसांनी काय केलं, ही हकिगत मला महाराष्ट्रातल्या कुठल्याही धबधब्याच्या हकिगतीपेक्षा मोलाची वाटते.

आधी उंचीचं पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वर आला. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात दाखवतात तसे शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी इथे शोधू नयेत. लाव्हा भेगांतून उसळून पसरत गेला, थिजला, मग काही काळाने त्यावर दुसरा थर आला. असे कित्येक थर साचत गेले. ज्या भेगांतून लाव्हा वर येत होता त्या शेवटी लाव्ह्यानेच भरून बुजल्या. हा आतला खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा चिवट निघाला. भोवतालचं झिजून गेलं आणि तो मात्र सरळसोट, अरुंद टेकड्यांच्या रूपाने उघडा पडला. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्टा अशा डाइकांसाठी प्रसिद्ध आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पट्ट्यातल्या २१० डाइकांची नोंद आहे आणि त्यातला सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा आहे. बसमधून जाताना माळावर एखादी टेकडी आखल्यासारखी सरळ गेलेली दिसली, तर आपण लाव्ह्याची जुनी वाट पाहत असतो.

सातपुड्यात थरांची ही चवड फार जाड आहे. तोरणमाळच्या कड्यात ती आठशे मीटरहून अधिक भरते. पण थरांच्या जाडीने धबधबा होत नाही. धबधबा होतो तो थराथरांतल्या फरकामुळे, आणि हा फरक हातात घेऊन पाहता येतो. पात्राच्या कडेला पडलेले दोन दगड उचला. एक जड, गर्द काळा, बारीक कणांचा असेल. हातोडीचा घाव घातला तर तो टणकन वाजेल. दुसरा त्यामानाने हलका, तांबूस-करडा, आणि त्याच्या अंगावर वाटाण्याएवढी, कधी बोराएवढी भोकं. लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो आणि थराच्या माथ्यापाशी अडकतो. ती ही भोकं. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यातली कित्येक भोकं पांढऱ्या स्फटिकांनी भरली. हे स्फटिक झिओलाइट गटातल्या खनिजांचे असले तर चाकूच्या टोकाने त्यांच्यावर ओरखडा उठतो. पहिला दगड थराच्या पोटातला, दुसरा माथ्याचा. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटेच्या रंगाचा, मातकट पट्टाही सापडतो. एक थर थिजून त्याच्यावर माती तयार व्हायला लागली आणि मग वरून पुढचा लाव्हा येऊन ती भाजली गेली, असा तो पट्टा.

आता नदीचं काम लक्षात येईल. भोकाळ खडक आणि लाल पट्टा पाण्यापुढे लवकर हार मानतात. त्यांच्या वरचा कठीण थर टिकून राहतो, पण त्याच्या पायाखालचं पोखरलं जातं. थिजताना आकसल्यामुळे कठीण थरालाही उभ्या भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे आधार सुटला की तो भेगेवर तुटून चौकोनी धोंड्यांच्या रूपात खाली येतो. कडा उभाच राहतो, फक्त थोडा मागे सरतो. असे धबधबे उगमाकडे सरकत असतात, अर्थात बहुतेक वेळा माणसाच्या आयुष्यात लक्षात येणार नाही इतक्या मंद चालीने. पात्रातल्या खडकावर जागोजाग रांजणखळगे पडतात. खाचेत अडकलेला गोटा भोवऱ्यात गरगरत राहतो, खाच खोल करतो आणि स्वतःही झिजतो. पाणी ओसरल्यावर एखाद्या खळग्यात हात घालून पाहावा. तळाशी ते गुळगुळीत गोटे सापडतात. दगड उचलून पुन्हा तिथेच ठेवावा. पुढच्या पावसाळ्यात त्याला काम आहे.

पण नदी इथेच इतकी घाईने का कापते? कारण तिच्यासमोर नर्मदा आहे. सातपुडा हा नर्मदा आणि तापी यांच्या खचलेल्या दऱ्यांमध्ये उभा राहिलेला ठोकळा आहे. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात आणि या दोघी पश्चिमेला, त्याचं कारणही हेच खचणं. इथल्या अस्तंभा डोंगराची उंची १३२५ मीटर. या भागात नर्मदेचा मूळ तळ समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षाही कमी उंचीवर होता. एवढा उतार इतक्या थोड्या अंतरात उतरायचा म्हटल्यावर उदईसारख्या नद्यांना रमतगमत जायला सवडच नाही. त्या कापत, उड्या घेत जातात. तोरणमाळचं पठार ११४३ मीटरवर आहे. तिथल्या सीताखाईच्या तोंडाशी उभं राहिलं की हा उतार एका नजरेत कळतो. इकडे यशवंत तलावाचं निवांत पाणी, आणि थोडं चाललं की जमीनच संपते. पावसाळ्यात या खाईत कोसळणारं पाणी धुक्यामुळे दिसतं कमी आणि ऐकू येतं जास्त.

उंची खडकाने दिली. पाण्याचा हिशेब जास्त नाजूक आहे. पावसाळा जूनच्या मध्यावर येतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. म्हणजे वर्षाचं सगळं पाणी साधारण शंभर दिवसांत पदरात पडतं. घट्ट काळा खडक पाणी पीत नाही. पाणी मुरायला दोनच जागा आहेत, एक खडकाच्या भेगा आणि दुसरी वरची माती. डोंगरउतारावर माती टिकते ती झाडाच्या मुळांमुळे आणि खाली साचलेल्या पाल्यामुळे. पाऊस पानांवर पडतो, मग पाल्यावर, मग हळूहळू मातीत आणि भेगांत शिरतो, आणि दिवाळीनंतर झिऱ्यांच्या रूपाने नाल्यात परत येतो. डोंगर उघडा असेल तर तोच पाऊस दोन तासांत नदीत येतो, मातीसकट. ऑगस्टमधला धबधबा दोन्ही परिस्थितींत सारखाच जोरकस दिसेल. फरक कळतो तो फेब्रुवारीत.

म्हणून धबधबा पाहायला गेलेल्या माणसाने मान वळवून डोंगराकडेही पाहावं. हे पानगळीचं कोरडं जंगल. साग, सालई, मोह, अंजन, खैर, तेंदू, चारोळी, पळस, मधूनमधून बांबू. धडगावकडे जाताना कित्येक डोंगर आज उघडे दिसतात. आधी लाकडासाठी आणि पुढे शेतीसाठी इथलं जंगल मोठ्या प्रमाणावर तुटलं, आणि उभ्या उतारावरची नांगरलेली माती दर पावसाळ्यात खाली जाते. जे झाड उरलं आहे ते बहुतेक वेळा माणसाने मुद्दाम राखलेलं असतं. मोह कुणी तोडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुलं टपटपतात आणि उजाडायच्या आत घरची बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. आंब्याचंही तसंच. नाल्यांच्या काठाने आणि घरांच्या आसपास गावठी आंब्याची जुनी, प्रचंड झाडं आहेत. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि उन्हात पसरायच्या. त्या दिवसांत धडगावच्या रस्त्याला लागलं की खडकांवर, अंगणात, छपरांवर पांढरट फोडी वाळत घातलेल्या दिसतात आणि हवेला आंबट वास असतो. हा आमचूर. पावसाळ्याआधी घरात रोकड आणणारी ही गोष्ट. ज्या नाल्यांच्या ओलाव्यावर हे आंबे तगले आहेत, तेच पाणी पुढे उदईला मिळतं.

या जंगलाने पक्षीशास्त्राला एक धडाही दिला आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे खानदेशात अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी याच सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र एकही खात्रीची नोंद नाही. मध्ये एकच नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचं सांगितलेला, आणि तो रिचर्ड माइनर्टझहागन या नामवंत संग्राहकाचा. सगळे त्या नमुन्यावर विश्वास ठेवून गुजरातेत शोधत राहिले. १९९०च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा उघड झालं की तो पक्षी डेव्हिडसन यांच्या संग्रहातून चोरून, पुन्हा नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. गुजरातचा पुरावा बाद झाल्यावर शोध योग्य जागी वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, निष्पर्ण झाडावर बसलेला जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

नेहमीचा पिंगळा आणि हा यांच्यात घोटाळा होणं साहजिक आहे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्याचं, थोराड, आणि पाय पिसांनी भरलेले. तो दिवसाही हिंडतो, उन्हात उघड्या फांदीवर बसून सरडे आणि कीटक टिपतो. पुढे तोरणमाळच्या राखीव जंगलात आणि मेळघाटातही तो सापडला. तो लपून राहिलेला नव्हता. शोध चुकीच्या जागी चालला होता. रानपिंगळ्याला ढोली असलेली जुनी झाडं लागतात. डोंगरातल्या मातीलाही तीच झाडं लागतात.

आता मूळ हकिगतीकडे येतो. बिलगावात पावरा आणि भिल्ल समाजाची वस्ती, गाव अनेक पाड्यांत विखुरलेलं. विसावं शतक संपलं तरी विजेची तार इथवर आली नव्हती. रॉकेलची चिमणी हाच रात्रीचा उजेड. सरदार सरोवर धरणाविरुद्ध नर्मदा बचाओ आंदोलनाचा लढा तेव्हा या खोऱ्यात जोरात होता, आणि त्याच लढ्यातून एक प्रश्न पुढे आला होता: मोठं धरण नको म्हणता, मग वीज कशी हवी ते दाखवा. केरळातल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या संस्थेचे अनिलकुमार आणि मधुसूदन या अभियंत्यांनी नर्मदेकाठच्या डोमखेडी गावात एका नाल्यावर अगदी लहानसं यंत्र बसवून पाहिलं होतं. पुढचा टप्पा म्हणजे बिलगावचा धबधबा. गावकऱ्यांनी श्रमदान केलं. दगड, वाळू, सिमेंट डोक्यावरून वाहिलं. परदेशातल्या भारतीयांच्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेची साथ होती. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचा हा प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे ३०० घरांत दिवे लागले.

अशा प्रकल्पाची रचना समजायला अवघड नाही. धबधब्याच्या वरच्या अंगाला एक बुटका बंधारा, पाणी साठवायला नव्हे तर वळवायला. तिथून काठाकाठाने पाट. पाटाच्या शेवटी एक टाकी. तिच्यात वाळू खाली बसते आणि पालापाचोळा जाळीला अडतो. टाकीतून जाड पाइप उताराने खाली यंत्रघरात. तिथे पाण्याचा झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो, टर्बाइन जनित्र फिरवतं, आणि पाणी दुसऱ्या दाराने पुन्हा नदीत. एक थेंबही खर्ची पडत नाही. धबधब्यावरून पाणी कोसळताना जी शक्ती खडकावर आपटून आवाजात आणि तुषारांत विरून जाते, तिचा थोडा हिस्सा तेवढा माणूस मागून घेतो.

किती हिस्सा, याचा हिशेब सातवी-आठवीच्या गणिताने मांडता येतो. एक लिटर पाणी दहा मीटर खाली आलं तर त्यातून ९८ ज्यूल ऊर्जा मिळते. दर सेकंदाला एक लिटर येत राहिलं तर ९८ वॉट. लहान यंत्रात पाइपातलं घर्षण, टर्बाइन, जनित्र यांत मिळून बरीच ऊर्जा वाया जाते. साठ टक्के हाती लागली तर ५९ वॉट. बिलगावचे १५ किलोवॉट ३०० घरांत वाटले की घरटी ५० वॉट येतात, म्हणजे दोन-तीन दिवे. म्हणजे उंची दहा मीटर धरली तर सेकंदाला जेमतेम एक लिटर पाणी एका घराचा उजेड झालं. ३०० घरांना सेकंदाला अडीचशे लिटरच्या आसपास पुरतं. पावसाळ्यात उदईतून याच्या कैक पटींनी पाणी वाहून जातं.

पन्नास वॉट ही शहरात हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या घरातला एक पंखा तेवढी वीज खातो. पण चिमणीच्या धुरात डोळे चुरचुरत अभ्यास करणाऱ्या मुलाला, अंधारात चूल पेटवणाऱ्या बाईला, पावसाळ्याच्या रात्री घरात साप निघालेल्या माणसाला तो उजेड किती होतो, हे वॉटमध्ये सांगता येत नाही. आणि हा दिवा गावाचा होता. बंधारा कुठे घालायचा, कुणी किती दिवस खपायचं, यंत्राजवळ रात्री कुणी थांबायचं, या गोष्टी पाड्यांनी बसून ठरवल्या. हिंदी सिनेमालाही या कामाची चाहूल लागली. १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झालेल्या आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'मध्ये गावकरी झऱ्याचं पाणी अडवून वीज तयार करतात. त्या प्रसंगामागची प्रेरणा बिलगाव होती असं मानलं जातं. सिनेमातलं गाव उत्तर प्रदेशातलं, त्याचं चित्रण साताऱ्यात वाईजवळ मेणवलीला झालेलं. लाखो लोकांनी तो दिवा लागताना पाहिला आणि डोळे पुसले. त्यातल्या फार थोड्यांना धडगाव तालुका कुठे आहे हे माहीत असेल.

कोसळत्या पाण्यावर वीज करणं ही काही नवी कल्पना नव्हे. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये, कावेरीच्या शिवसमुद्रमला १९०२ मध्ये आणि आपल्याकडे खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये ती केली. शिवसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली, खोपोलीची मुंबईच्या गिरण्यांकडे. पाणी डोंगरात पडायचं आणि उजेड दूर कुठेतरी व्हायचा. बिलगावात तो धबधब्याच्या आसपासच झाला. मला या प्रकल्पाचं सर्वांत मोठं वेगळेपण हेच वाटतं.

ज्या धरणाविरुद्ध लढा होता त्या सरदार सरोवराची जलविद्युत क्षमता १४५० मेगावॉट. बिलगावच्या जवळपास ९७ हजार पट. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये दिलेल्या निवाड्यानुसार त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. पाण्याचा वाटा २.८ कोटी एकर-फुटांत अवघा अडीच लाख एकर-फूट. त्या बदल्यात महाराष्ट्राची ३३ गावं बुडीत क्षेत्रात आली, सगळी आदिवासी, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. मणिबेली गावापासून बुडायला सुरुवात झाली. मार्च २००६ मध्ये धरणाची उंची ११० मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. पुनर्वसन झालेलं नाही म्हणून नर्मदा बचाओ आंदोलनाच्या मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी दिल्लीत उपोषणाला बसले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणी नर्मदेतून उदईच्या दरीत मागे चढत आलं आणि बिलगावचं यंत्रघर त्याखाली गेलं. साडेतीन वर्षं चाललेले दिवे विझले.

धरणाच्या बाजूने लिहिणारे म्हणतील, १५ किलोवॉट गेले आणि १४५० मेगावॉट मिळाले. या वजाबाकीला माझा आक्षेप आहे. ज्याचे १५ किलोवॉट गेले त्याला त्या १४५० मधून काय मिळालं, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. लहान प्रकल्पांनी मोठ्या शहरांची आणि कारखान्यांची गरज भागणार नाही हे खरंच. पण दुर्गम पाड्यांसाठी ते उत्तम होते हेही तितकंच खरं, आणि या दुसऱ्या गोष्टीला वाचवण्याची कुणाला निकड वाटली नाही.

धरण २०१७ मध्ये पूर्ण उंचीला, १३८.६८ मीटरला गेलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरलं. नदीच्या दृष्टीने ही मोठी उलथापालथ आहे. ज्या खोल नर्मदेकडे पाहून उदईने लाखो वर्षं आपली उतरण कोरली, ती नर्मदा आता नदी नसून जलाशय आहे, तीही कधी वर, कधी खाली. वाहतं पाणी थांबलेल्या पाण्याला भेटलं की आधी गोटे टाकतं, मग वाळू आणि शेवटी गाळ. नद्या जलाशयाच्या तोंडाशी अशी भर घालत जातात. उघड्या डोंगरांवरून जेवढी माती जास्त सुटेल तेवढी ही भर लवकर वाढते. म्हणजे धडगावच्या उतारावर झाड असणं ही धरणाचीही गरज आहे.

हल्ली पावसाळ्यात बिलगावला मोटारी येतात. धुळे, नंदुरबार, शहाद्याची तरुण मुलं येतात, फोटो काढतात. यावंच. फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. वरच्या डोंगरात पाऊस झाला की इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी झपाट्याने चढतं. पाण्याचा रंग अचानक गढूळला, काटक्या-पाला वाहत येऊ लागला की लगेच पात्रातून बाहेर पडावं. आणि ओल्या काळ्या दगडावरचं शेवाळ दिसत नाही. रांजणखळगे पाण्याने भरलेले असतात तेव्हा त्यांची खोली कळत नाही, म्हणून गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्यावं.

अक्राणी तालुक्यात बुडिताच्या रेषेच्या वर अजून कितीतरी नाले उड्या घेत खाली येतात. त्यांच्यावर बिलगावसारखं काम पुन्हा करायचं तर पहिली गरज पैशांची नाही, मोजणीची आहे. उंची एकदाच मोजावी लागते. पाण्याचा प्रवाह मात्र पाऊस संपल्यापासून मेअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी मोजावा लागतो, कारण यंत्र किती मोठं घ्यायचं ते उन्हाळ्याचं पाणी ठरवतं. हे काम गावच्या शाळेतल्या मुलांना सहज जमेल. नाला जिथे सरळ आणि एकसारखा वाहतो तिथे काठावर दहा मीटरच्या अंतराने दोन खुंट्या ठोकायच्या. पात्राची रुंदी दोरीने मोजायची, चार-पाच ठिकाणी काठी बुडवून खोली घ्यायची आणि तिची सरासरी काढायची. मग वरच्या खुंटीपाशी लाकडाचा तुकडा सोडायचा आणि खालच्या खुंटीपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. तळाशी पाणी सावकाश वाहतं म्हणून आलेल्या वेगाचे पाऊणच धरायचे. रुंदी दोन मीटर, खोली वीस सेंटिमीटर, तुकड्याला लागले वीस सेकंद, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर, त्याचे पाऊण ०.३७५, तिन्हींचा गुणाकार ०.१५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १५० लिटर. खाली दहा मीटरची उडी असेल तर त्यात जवळपास नऊ किलोवॉट आहेत, १७५ घरांचे दिवे.